बावचीच्या तेलाचं खरं

मी, श्रीमती चिमा महिपत धनावडे, वय वर्षे ७४, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पालीजवळ, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. साखर वाढलेली आहे, गुडघे गेलेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर बळजबरी करील असा माणूस आमच्या घरात अजून जन्मलेला नाही.

१. सन २०२१ मध्ये मी केलेले, बंद पाकिटातले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात एक कलम असे होते की, माझ्या पश्चात ते माझी धाकटी जाऊ गंगा काशीराम धनावडे हिला मोठ्याने वाचून दाखवावे. खरे तर त्या एका कलमासाठीच मी ते सगळे लिहिले होते. गंगा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढायची. मी मोठी, मीच आधी जाणार असे धरून चालले. गेल्या मार्गशीर्षात चार दिवसांच्या तापाने ती गेली, आणि पाकीट माझ्या कपाटात राहिले.

२. घराचा माझा अर्धा भाग मुलगा दीपक यास द्यावा. उरलेला अर्धा गंगाचा होता, तो आता तिची मुलगी श्रुती हिचा आहे. गंगाच्या तेराव्याला दीपक हातात टेप घेऊन तिच्या खोलीची मापे काढत होता, ते मी पडवीतून पाहिले आहे. दीपक, मधली भिंत आहे तिथेच राहील.

३. कातळावरची जमीनही दीपकलाच. तिथे गवताशिवाय काही येत नाही, त्यामुळे भांडायला कोणी येणार नाही.

४. सोन्याच्या पाटल्या सूनबाई तेजस्वी हिला द्याव्यात. तिने तीनदा विचारून झाले आहे, मलाच उत्तर द्यायला उशीर झाला.

५. तेलांविषयी. तीस वर्षे मी घरी तेले केली. शाळा सुटली की कडुलिंब, कोरफड, आंबेहळद पाट्यावर वाटायची आणि खोबरेलात मंद आचेवर आटवायची. गाळ बोटांत धरला की त्याची वात वळली पाहिजे, आणि ती वात दिव्यावर धरल्यावर चटचट न वाजता जळली पाहिजे. वाजली तर पाणी राहिले, तेल खवट होणार. खाजेला, भेगांना, बाळंतिणीला, उन्हाने रापलेल्या तोंडाला, सगळ्याला माझ्याकडे बाटली असे. लोक लांब लांबहून येत. मला त्याचा माज होता, हे आता लिहायला हरकत नाही.

तेजस्वीने या तेलांच्या बाटल्यांवर माझा फोटो छापून मुंबईत विकायचे ठरवले आहे. लेबले छापूनही झाली. माझी त्यास मनाई आहे. माझ्या कृतींच्या वहीतली कडुलिंबाची आणि कोरफडीची तेले तिने घरात वापरावीत, माझी नात सानवी हिच्या अंगाला लावावीत. बाटलीवर माझे तोंड नको. बावचीच्या तेलाचे पान मी फाडून चुलीत घातले आहे, ते कोणी शोधत बसू नये. का, ते पुढे येते.

६. हे जुन्या मृत्युपत्रातले कलम. गंगाच्या नावचे होते. आता श्रुतीच्या नावचे समजावे.

सन २००६ मध्ये श्रुती बावीस वर्षांची होती. डाव्या गालाखाली तिला कोडाचा रुपयाएवढा डाग होता. पंधरा दिवसांनी पाहुणे बघायला येणार होते. गंगा माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुज्याकडं कायतरी आसंल ना गो?"

कोडावर बावचीचे तेल देतात. ते नेहमी पातळ करायचे, कापसाने फक्त डागावर टेकवायचे, आणि कोवळ्या उन्हात दोन-चार मिनिटे बसायचे. या तेलाने कातडी उन्हाला हळवी होते. गुण यायला महिनोन् महिने लागतात. मला पंधरा दिवसांत गुण दाखवायचा होता. मी बावची तिप्पट घातली. कोणाला सांगितले नाही. गंगाला म्हटले, "सकाळी बसव, चार मिन्टांच्या वर नको." तिने तसेच केले.

दुसऱ्या दिवशी श्रुतीच्या गालापासून मानेपर्यंत फोड आले. ते फुटले, पिकले, आणि चट्टा कायमचा राहिला. पाहुण्यांना निरोप पाठवावा लागला.

घरापुढच्या खळ्यात वाडीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत मी गंगाला विचारले, "गंगे, खरं सांग, किती येळ बसवलंस हिला उन्हात?"

मी खोटे बोलले नाही. नुसता प्रश्न विचारला. पण मी शिक्षिका. कोणत्या आवाजात विचारले की पोर स्वतःवरच शंका घेते, ते मला पुरते ठाऊक होते. गंगाकडे घड्याळ नव्हते. ती गोंधळली. "चार मिन्टांच्या वर झालं आसंल काय गो?" असे तिने मलाच विचारले. मी काही बोलले नाही. जरा वेळाने ती म्हणाली, "माज्याच हातून झालं." सगळ्यांनी ऐकले. श्रुतीनेही ऐकले.

गंगा वाडीतल्या तान्ह्या पोरांना तेल लावायला जायची. तिचा हात मऊ होता, रडणारे पोर तिच्या पायांवर निजायचे. त्या दिवसानंतर तिने एकाही पोराच्या अंगाला हात लावला नाही. बोलावणे आले तर म्हणायची, "माज्या हाताला यश नाय." मी शेजारच्या खोलीत ते ऐकायचे आणि माझी कढई घासायचे. श्रुती ठाण्याला नोकरीला गेली ती आईशी कामापुरतेच बोलू लागली. अठरा वर्षे. एका वाक्यात मिटले असते. ते वाक्य मी मेल्यानंतर बोलायचे ठरवले, कारण त्या दोघींची तोंडे मला बघायची नव्हती.

तर ते वाक्य असे: श्रुती, तुझ्या आईचे काही चुकले नाही. तेल मी बिघडवले.

७. बँकेतली माझी ठेव श्रुतीस द्यावी. याला भरपाई म्हणू नये. तिला नको असेल तर शाळेला द्यावी, पण आधी तिला विचारावे.

८. तेलाची लोखंडी कढई आणि पितळी पातेले कोणीही औषधासाठी वापरू नये. पातेल्यात अंघोळीचे पाणी तापवावे.

९. मला शेवटची अंघोळ घालताना वाडीतल्या बायका तेल घेऊन येतील. त्यांना परत पाठवावे. साधे पाणी पुरे.

१०. वकील म्हणाले की मृत्युपत्र आधी कोणाला वाचून दाखवायची गरज नसते. न वाचता ठेवायची चूक मी एकदा केली आहे. म्हणून काल दुपारी मी श्रुतीला फोन लावला आणि कलम सहा शब्द न् शब्द वाचून दाखवले. वाचून झाल्यावर तिने विचारले, "काकी, आईला हे ठाऊक होतं?"

मी नाही म्हटले.

ती म्हणाली, "ताप आला तेव्हा तिने फोन केला होता. म्हणाली, माजं चुकलं बाय, आता तरी सोडून दे. मी म्हटलं, बघू." पुन्हा म्हणाली, "मी तिला बघू म्हटलं, काकी." आणि फोन ठेवला. मी परत लावला, तिने उचलला नाही.

हे कलम त्यानंतर लिहिले. बाकी मजकुरातला एकही शब्द बदललेला नाही.

वरील सर्व मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण : पाली, तालुका रत्नागिरी
दिनांक : १२ मार्च २०२५

सही : चिमा महिपत धनावडे

साक्षीदार :
१. हरिश्चंद्र तुकाराम भुवड, निवृत्त मुख्याध्यापक
२. शमिका विनीत मांडवकर, अंगणवाडी सेविका