चार घडे द्राक्षासव

कुरुळी, २४ मे १९५६

प्रिय इंदू,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. होळीला तू आलीस, पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत जागा मिळते आहे म्हणालीस, आणि मी 'पोरीच्या जातीनं कारखान्यात जायचं नाही, लोक काय म्हणतील' असं बोलून विषय मिटवला. तू तशीच आत्याकडे चिंचवडला परत गेलीस. एक जूनला तू हजर झाली नाहीस तर ती जागा दुसरीला जाणार, असं आत्यानं लिहिलं आहे. त्याचं उत्तर देतोच. पण आधी घडे उघडल्याची हकीकत ऐक, नाहीतर उत्तर तुला अर्धंच कळेल.

यंदा टेकडीवरच्या मळ्यानं लाज राखली. पांगाऱ्याच्या झाडांवर चढलेल्या द्राक्षवेलांना असे घोस लटकले की पाखरं हाकलून माझा घसा बसला. काढा उकळला, गूळ आणि आंबवणाला धायटीची फुलं घातली, आतून तूप पुसलेले चार घडे भरले, तोंडं लिंपली आणि नेहमीसारखे गव्हाच्या कणगीत पुरले. महिनाभर तुझी आई रोज कणगीला कान लावून आतली खदखद ऐकून यायची आणि 'बोलतंय, बोलतंय' म्हणून वर्दी द्यायची. स्वतः मात्र तीस वर्षांत तिनं त्याचा थेंब जिभेला लावला नव्हता. सरकारनं औषध म्हणून परवाना दिला असला, तरी तिच्या लेखी ती दारूच!

रविवारी घडे बाहेर काढले. आपली चाखायची रीत तुला पाठ आहे. सकाळपासून पोटात काही नाही, कोमट पाण्याची चूळ, आणि एका घड्याकडून दुसऱ्याकडे जाताना चार ज्वारीच्या लाह्या. या वेळी घोंगडीवर मी एकटाच बसलो होतो. आईनं वाट्या आणून मांडल्या. मी पहिली उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले, सावकाश घोट घेतला आणि म्हणालो, वा! दहा वर्षांत असं उतरलं नव्हतं, गोडी बघ कशी सुटली आहे.

"अवो, त्यो आमटीचा चिंचंचा कोळ हाय! वाटी चुकली जनू माझी," असं म्हणून ती जी हसत सुटली, ती पोट धरून खालीच बसली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "कवापासनं?" एवढंच तिनं विचारलं.

आता तुलाही सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा विषमज्वर आठवतो ना? ताप गेला, पण जाताना जिभेची चव नि नाकाचा वास घेऊन गेला. गूळ खाल्ला काय नि खडू खाल्ला काय, मला सारखंच. चार गावची माणसं ज्याला अर्जुनराव वैद्य म्हणून हाक मारतात, त्यानं हे कुणाला सांगायचं? म्हणून मी तुला पुढं करायला लागलो. 'आधी तू सांग, बघू काय शिकलीस,' असं म्हणायचो, आणि तू जे सांगशील त्यावर मान डोलवायचो. लोक मला शाबासकी द्यायचे आणि मी ती घ्यायचो. लाज वाटते आहे लिहिताना, पण लिहितो.

तुझ्या आईनं पदर खोचला, देवाला हात जोडले आणि माझ्या शेजारी बसली. पहिला घडा बरा. दुसरा "ग्वाड हाय, पन घशात खरखरतंय, अजून पंधरा दिस पुरा." तिसऱ्याला तिनं डोळेच बारीक केले. "ह्यो आंबलाय. कुनाला देऊ नगा." खात्री करावी म्हणून शेजारच्या रंगरावांना घोट दिला, तर बिचारे अंगणात धावले. चौथा घडा मात्र तिला इतका पटला की खात्रीसाठी तिनं दुसरी वाटी मागितली! संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती. तुझी जीभ माझ्यावर गेली असं मी इतकी वर्षं मिरवत होतो. ती कुणावर गेली ते रविवारी कळलं.

तर इंदू, हे पत्र लिहिण्याचं कारण असं. होळीला मी लोकांचं नाव पुढं केलं, पण लोक माझ्या मनातही नव्हते. शिक्षण संपल्यावरही तू घरी न येता तिकडेच राहिलीस तर माझे घडे कोण चाखणार, एवढाच धाक होता मला, आणि त्यापायी मी तुझी वाट अडवली. बापानं असं वागू नये. मला क्षमा कर. तू जा. गुरुवारी, एकतीसला, मी आत्याकडे मुक्कामाला येतो आणि शुक्रवारी तुझ्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत चालतो. वाटेत कुणी विचारलंच, तर मोठ्यानं सांगेन, पोरीला कामावर सोडायला चाललोय.

तुझाच,
अप्पा