डोंगरावरच्या सात खरचुड्या

१० ऑगस्ट १९८६, रविवार. मुलुंड.
आजपासून आयुष्याला दिशा. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या अनुपमाबाईंनी मागच्या डोंगरावरची खरचुडी दाखवली. नाजूक वेल, कंदिलासारखं फूल. इथे फक्त सात उरल्यात. शेळ्या खातात, माणसं कंद खणून खातात, हौशी लोक उपटून नेतात. बाई म्हणाल्या, दर आठवड्याला मोजा, हात लावू नका, कुणाला सांगू नका, गणपतीनंतर फॉर्म भरून द्या. बाईंनी माणूस बरोबर हेरला. फक्त रत्नप्रभाला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.

१३ ऑगस्ट. सकाळी ६.१०.
खालच्या मजल्यावरचा ग्रेगरी डोंगर उतरताना दिसला. हातात पिशवी. विचारलं, तर म्हणाला, फिरायला गेलो होतो. पिशवी घेऊन कोण फिरायला जातं? मी जातो, पण माझी गोष्ट वेगळी.

१७ ऑगस्ट.
दोन वेली कंदासकट घरी हलवल्या. 'हात लावू नका' हे चोरांसाठी असणार. डालड्याच्या डब्यांत लावल्या. डोंगरावर पाच.

२१ ऑगस्ट.
दोघींनी माना टाकल्या. ग्रेगरी खिडकीखाली दोनदा खाकरला. मुद्दाम. पाणी दुप्पट केलं.

२४ ऑगस्ट.
दोन्ही गेल्या. रत्नप्रभा म्हणते, पाणी जास्त झालं. ही ग्रेगरीच्या एमिलियाकडून विरजण आणते, हिच्या मताला किती किंमत द्यायची! आणखी चार हलवल्या. या वेळी पाणी अजिबात नाही.

१ सप्टेंबर.
चारही वाळल्या. डोंगरावर उरली एक. तिच्याभोवती कुणीतरी काटे रचलेत. म्हणजे चोराने माल राखून ठेवलाय! काटे काढून फेकले.

६ सप्टेंबर, शनिवार.
उद्या गणपती. माटवीसाठी, म्हणजे बाप्पाच्या डोक्यावर बांधायला, रत्नप्रभाला रानातल्या वेली न् फळं हवी होती. एका दगडात दोन पक्षी. शेवटची खरचुडी काढली आणि तेरडा-कवंडळाच्या भाऱ्यात लपवली. जिन्यात ग्रेगरी उभाच. वास लागला नाही लेकाला! भारा मोरीपाशी टाकून निवांत दाढीला गेलो.

७ सप्टेंबर. दुपारी.
रत्नप्रभाने अख्खा भारा बांधून टाकला. खरचुडीचा कंद बाप्पाच्या कानापाशी लोंबतोय. म्हणाली, बांधलेली माटवी विसर्जनाआधी सोडायची नाही.
ग्रेगरी दर्शनाला आला. हात जोडले, वर पाहिलं आणि कंद ओळखला. मग खिशातून वही काढून माझ्यासमोर धरली. बाईंनी जूनपासून त्यालाही मोजायला सांगितलेलं. कुणाला सांगू नका म्हणून तो गप्प. काटे शेळ्यांसाठी त्यानेच रचलेले. वहीत सात, पाच, एक, सगळं तारखेसकट. शेवटी लिहिलेलं : 'चोर सापडत नाही. पण वरचे दत्तारामभाऊ रोज डोंगरावर असतात, म्हणून काळजी नाही.'
मोदक न खाताच गेला.

संध्याकाळी.
फॉर्म घेतला. शिल्लक वेली : शून्य. 'मुख्य धोका' यापुढे शेळ्या लिहिलं. मग वाटलं, आता शेळ्यांवरही आळ घ्यायचा? खोडलं आणि माझं नाव लिहिलं. फार लाज वाटली.