रंभाच्या उत्तराला दिलेले शून्य

माझ्या शाळेतील शिक्षक बंधुभगिनींनो, मुले स्वतः विचार करत नाहीत, ही तुमची रोजची तक्रार आहे. चौतीस वर्षे माझीही तीच होती. म्हणून हे मृत्युपत्र तुमच्यासमोर वाचले जावे, अशी माझी इच्छा आहे.

मी, पुष्पलता गणपतराव रंगारी, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार इंदोरा, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. रामदासपेठेतील डॉक्टरांनी माझ्या हृदयात दोष काढला आहे, डोक्यात नाही. पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. घराची मागची खोली आणि बँकेतील ठेव पुतण्या रवींद्र याला द्यावी. आजारपणात त्याने माझे सगळे केले. पुढची खोली मात्र त्याला मिळणार नाही. तिथे त्याला ‘हमखास प्रश्नोत्तरां’चे दुकान थाटायचे आहे. रवींद्र, रागाव, पण कोर्टात जाऊ नकोस.

दोन. पुढची खोली, फळ्यासह, रंभाबाई मेश्राम हिच्या मालकीची होईल. हे दान नाही. कारण लिहून ठेवते.

१९६१ साली सातवीच्या गणितात मी प्रश्न घातला होता: दहा मजूर एक भिंत तीन दिवसांत बांधतात, तर तीस मजूर किती दिवसांत बांधतील? गवंड्याच्या या मुलीने लिहिले, ‘एका दिवसात होणार नाही. खालचा थर ओला असला तर वरचा बसत नाही.’ आदर्श उत्तरात ‘एक दिवस’ होते. मी शून्य दिले. ती तीन गुणांनी नापास झाली आणि बापाने तिला विटा वाहायला नेले. प्रश्न विचारणारे मूलच देश घडवते, असे मी त्याच वर्षी चौकाचौकांत गरजत होते आणि टाळ्या घेत होते.

अकरा वर्षांनी माझ्या कुंपणाची भिंत बांधायला ती आली. मी विचारले, “किती दिवस लागतील गं?”

“तुमच्या हिशोबानं सांगू का माह्या, बाई?”

सगळे मजूर हसले. माझा चेहरा पाहून तीच म्हणाली, “राग नोका धरू, बाई. तवा मले भिंतच तं येत होती.”

तिला भिंत येत होती. मला फक्त उत्तर येत होते. ते गुण आता परत देता येत नाहीत, म्हणून खोली देते.

तीन. माझी पुस्तके शाळेला द्यावीत, पण कुलूपबंद कपाटात ठेवणार असाल तर देऊ नयेत. मुलांना उलट बोलायला शिकवते, असा शेरा माझ्यावर लिहिणाऱ्या तपासनीसांना मी क्षमा केलेली नाही. तो शेरा खरा ठरवायला मी फार उशीर केला, एवढेच.

चार. माझी शोकसभा घेऊ नका. सभेसाठी जी वेळ ठरवली असती, त्या वेळेला शेवटच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका घेऊन बसा, शून्य मिळालेल्या एकेका मुलाला जवळ बोलवा आणि त्याने तसे का लिहिले, ते त्याच्या तोंडून ऐका.

सही: पुष्पलता ग. रंगारी
नागपूर, ११ नोव्हेंबर १९७९

आमच्यासमोर बाईंनी सही केली व आम्ही बाईंसमोर केली.
साक्षीदार: १. मधुकरराव वासनिक, धरमपेठ
२. यमुताई पाटील, इंदोरा