बाबांच्या खिशातला चुंबक

प्रिय बाबा,

आई बाजूले बसली आहे म्हणून "प्रिय" लिहिलं. नाहीतर आज तुमच्यावर असा संताप आला आहे ना!

तुम्ही जाऊन तीन महिने झाले. आज कपाट आवरलं, तर तुमच्या ड्यूटीच्या शर्टातून चुंबक पडला. आई सहज बोलून गेली, "याच चुंबकानं तुह्या बाबायनं दिवाळीत तुही डब्बीतली काच तपासली होती."

तपासली? कावून, बाबा?

त्या काचेवर माझी फिल्म होती, म्हणजे तांब्याचे अन् कोबाल्टचे थर, एकावर एक, केसाहून हजारो पट पातळ. एकदा चुंबक दाखवला की आतली पहिली अवस्था मोडते, अन् चुंबक काढला तरी पहिल्यासारखी परत येत नाही. माझ्या संशोधनासाठी मले तीच तर मोजायची होती! दुसऱ्या शहरातल्या लॅबले जाता जाता दोन दिवस सेक्टर २ च्या आपल्या क्वार्टरवर थांबली, एवढीच माझी चूक.

डब्बीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, हात लावू नका. हात नाहीच लावला तुम्ही. चुंबक लावला!

कारखान्याच्या स्क्रॅप यार्डात भंगार निवडण्यात जिंदगी गेली तुमची. चिकटलं तर लोखंड, नाहीतर बाजूले. सिविक सेंटरच्या दुकानात स्टीलच्या वाट्यायलेही चुंबक लावायचे, अन् मी शरमेनं बाहेर उभी राहायची. पण माझी फिल्म काय भंगार होती?

जाऊ द्या, चूक कोणाच्याही हातून होते. पण फिल्म लॅबले देऊन मी घरी परतली अन् तिथून आकडे भलतेच आले, तेव्हा याच घरातून मी फोनवर प्रज्ञावर ओरडली. तिनंच माझ्यासंगं फिल्म बनवली होती. "तूच चुंबकाजवळ ठेवली, खोटं बोलून राहिली तू!" ती रडत रडत नाही म्हणत होती. तुम्ही समोर पोहे खात होते. मंग विचारलं, "चुंबकानं एवढं बिघडते का बेटा?" मी हो म्हटलं, अन् तुम्ही अर्धी प्लेट ठेवून उठले.

तेव्हाच समजलं होतं ना तुमाले? मंग तोंड कावून नाही उघडलं? मी काय खाऊन टाकलं असतं तुमाले? भांडली असती, दोन दिवस जेवली नसती. पण प्रज्ञा तुटली नसती ना! वर्ष होत आलं, ती माझा फोन उचलत नाही.

अन् आता भांडू कोणासंगं? फोटोसंगं?

उद्या इथंच जवळ मरोद्याले तिच्या घरी जाईन. हा चुंबक तिच्यासमोर ठेवीन. सांगीन, माझ्या बाबांनी लावला अन् खोटी मी तुले ठरवलं. तिनं दार उघडलं नाही, तर बाहेरूनच सांगीन, शेजारपाजारच्यायले ऐकू गेलं तरी. तुम्ही गप बसले, बाबा. मी नाही बसणार.

तुमचीच,
मंजू