आमच्या रस्त्याचं काय झालं?

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा ट्रक गेला आणि ह्यांच्या टेबलावरचा स्क्रू उडाला! मनगटी घड्याळातला, तिळाएवढा. हे गुडघ्यांवर बसून चुंबकाने फरशी धुंडाळत राहिले. गिऱ्हाईक समोर उभं. नाहीच सापडला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "दुकान बंद करून कुठेतरी नोकरी बघतो आता."

सासऱ्यांपासूनचं दुकान! माझं डोकंच सणकलं. बाजारात जाणारे सगळे ट्रक आमच्याच रस्त्याने का म्हणून?

बुधवार, ६ मार्च

रस्त्यावरच्या सगळ्या जणी दुकानात जमल्या. मोर्चा काढू, घेराव घालू — एकेकीचा आवेश बघत राहावा! मी म्हटलं, तसलं काही नको. इतकी वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली, माणूस कशाने हैराण होतो ते मला ठाऊक आहे. रोज सकाळी प्रत्येक घरातून नगरसेवकाला एक फोन. वाद नाही, चढा आवाज नाही. "नमस्कार. आमच्या रस्त्याचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. धन्यवाद." आणि लगेच ठेवून द्यायचा.

वन्संही आल्या होत्या. त्या खालच्या रस्त्याला राहतात, तिथेच त्यांचं पाळणाघर. ट्रकचा त्यांना काडीचाही त्रास नाही. तरी म्हणाल्या, "माझाही फोन धर गं. भावाचं दुकान आहे ते."

सोमवार, ११ मार्च

वन्सं सगळ्यांत तरबेज निघाल्या! एका खांद्यावर रडणारं पोर, दुसऱ्या कानाला फोन — आणि आवाज कसा, साखरेत घोळलेला. नगरसेवक म्हणे आता आमचे नंबर दिसले की उचलतच नाहीत. म्हटलं, मग त्यांच्या बायकोला लावा.

शुक्रवार, १५ मार्च

नगरसेवक स्वतः दुकानात! चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "बाई, मला अख्ख्या वॉर्डाने निवडून दिलंय. तुम्ही एक रस्ता. जो जास्त फोन करेल त्याचंच ऐकायचं, तर मतदान घ्यायचं कशाला?"

मी सोडते की काय! विचारलं, एकदा मत दिलं की पाच वर्षं तोंडाला कुलूप लावून बसायचं का? आम्ही विचारतो म्हणून तुम्ही इथवर आलात, नाहीतर आला असता? लोकशाही म्हणतात ती हीच. बाकीचे गप्प बसतात, त्याला मी काय करू? ह्यांनी डोळ्याला भिंग लावून मान खाली घातली होती, पण खांदे हसत होते.

निघताना बिचाऱ्यांनी विचारलं, ट्रक दुसऱ्या कुठल्या रस्त्याने न्यायचे ते तरी सुचवा. म्हटलं, तो तुमचा प्रश्न. कसं अगदी वेळेवर सुचलं मला!

मंगळवार, १९ मार्च

जिंकलो!!! परवापासून आमच्या रस्त्यावर ट्रकला बंदी.

शनिवार, २३ मार्च

दुकानात जाऊन नुसती बसले. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली असेल! ह्यांनी एका बैठकीत अख्खं घड्याळ उघडून जोडलं, एकही स्क्रू हलला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नसतीस तर आज कुलूप असतं इथे." मला रडूच आलं.

आणि वर आणखी एक! वॉर्डाच्या वाहतूक समितीवर नागरिकांतर्फे मला घेतलंय. नगरसेवकच म्हणाले, बाहेर राहून फोन करण्यापेक्षा आत या. चौकात फलक लागलाय — तक्रार असल्यास संपर्क — आणि खाली माझा नंबर. येता-जाता दोनदा वाचून आले. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ते काही खोटं नाही.

मंगळवार, २६ मार्च

वन्संना फलकाचं सांगायला फोन केला. उचलला नाही. पोरं झोपवत असतील.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी चहा ओतत होते, फोन वाजला.

"नमस्कार मॅडम. खालच्या रस्त्याचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. धन्यवाद."

साखरेत घोळलेला आवाज. मागे पोरं किंचाळत होती आणि त्यांच्याही वरताण ट्रकचा हॉर्न. "वन्सं, अहो ऐका तरी —" म्हणेपर्यंत त्यांनी ठेवलासुद्धा. मी शिकवलं होतं तस्सा. आजवर कधी मला मॅडम म्हटलं नव्हतं त्यांनी.

फोन खाली ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. कुणी अनोळखी बाई. तेच वाक्य. मग आणखी एक.

दुकानातून ह्यांनी हाक मारून विचारलं, कुणाचे गं इतके फोन? पहिला तुमच्या ताईंचा होता, एवढंही मला सांगवेना.