चांगला चिकू

डहाणू रोड, शुक्रवार, १९५८

दात काढायचं काही कारणच नव्हतं ह्यांना! कुसुम शाळेच्या पुस्तकातली कंजूष म्हाताऱ्याची गोष्ट वाचत होती. धान्याला कीड लागते तरी तो कोठी उघडत नाही. तर हे म्हणतात, "कुसुम, ही तर आपल्या चिकूंचीच गोष्ट गं!"

डागाळलेले आधी संपवा म्हणते मी, त्यात काय चुकलं? पण ते संपेपर्यंत चांगलेही डागाळतात, हे खरंय. दारात झाड असून चार वर्षांत ह्या घरात कोणी चांगला चिकू खाल्लेला नाही.

रागानं पेंढ्यातला सगळ्यात चांगला काढला नि कुसुमपुढे आपटला. "खा!" पोरीनं तो पुसून परत पेंढ्यात ठेवला. "राहू दे आई. डाग पडला की खाईन." थट्टा नव्हती करत. तोंड कुठे लपवू असं झालं मला.

गुरुजींनी प्रश्न दिलाय, म्हातारा असा का वागतो? ती लिहीत होती, लोभामुळे. मी खेकसले, "लोभ नाही तो!" "मग काय?" म्हणाली. चारोटीला असताना आईनं उद्याला म्हणून झाकलेल्या भाकरीवर आम्ही भावंडांनी दोन दिवस काढले होते. पण आता ह्यांचा रेल्वेचा पगार येतो. मग तो चिकू मी कुठल्या उद्यासाठी ठेवते?

सोमवारी वही द्यायचीय. ही चिठ्ठी उद्या ह्यांच्याच हाती गाडीनं पाठवते; तू मैत्रीण ना माझी, रविवारपर्यंत उत्तर दे, बाई. चिकू त्यापुढे टिकायचा नाही.