बद्द वाजलं नव्हतं, दादा

प्रिय दादा,

गेल्या सोमवारी कर्जतला जाऊन मी वहिनीजवळ एक गोष्ट कबूल केली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कप उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "वन्सं, मला काय सांगताय? त्यांना सांगा."

म्हणून लिहायला बसले आहे. तुला जाऊन आठ महिने झाले. तू जहाजावर होतास तेव्हा मी अशीच पत्रं लिहायचे आणि ती कुठल्या ना कुठल्या बंदरात तुला गाठायची. हे कुठं जाईल?

गोष्ट त्या बोटीची आहे.

तू तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलीस. आयटीआय करून फिटर झालास आणि आपल्या नगरकडच्या भागातून, जिथं उन्हाळ्यात टँकर आला की सगळी आळी घागरी घेऊन धावते, तिथून थेट समुद्रावर गेलास. आई गेली तेव्हा तू आफ्रिकेच्या पलीकडे कुठेतरी होतास. बाराव्यालासुद्धा पोचला नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, पण मनात धरून ठेवलं होतं. तुला ते कळत होतं का रे?

मग निवृत्त होऊन तू घरी आलास. लिंबांची बाग धरलीस. दर दुसऱ्या रविवारी पिशवीभर लिंबं घेऊन संगमनेरला माझ्या कारखान्यात यायचास. मी फायबरच्या टाक्या आणि दारं करते, त्या रेझिनच्या वासानं लोक नाक दाबतात. तू मात्र खुर्ची ओढून आरामात बसायचास. तीस वर्षांनी मला भाऊ मिळाला होता. माझं ते दीड वर्ष फार सुखाचं गेलं, दादा.

आणि एका रविवारी लिंबांऐवजी तू एक फोटो घेऊन आलास. शेजारी शेजारी दोन अरुंद होड्या, त्यांच्यावर आडवं बसवलेलं एक छोटं घर, वर डोलकाठी. "कॅटमरान म्हनत्यात हिला," तू सांगितलंस. जुनी होती, गोव्यात नदीकाठच्या एका यार्डात उभी होती. मालक म्हातारे नवराबायको, त्यांच्या देशी परत गेले होते. तुला ती घेऊन वहिनीबरोबर एक वर्षभर किनाऱ्याकिनाऱ्यानं केरळपर्यंत जायचं होतं, जमलं तर पुढं लक्षद्वीपला. इतकी वर्षं समुद्रावर राहून तू समुद्र पाहिला नव्हतास म्हणे. इंजिनरूमला खिडकी नसते.

मी विचारलं, जाणकार माणूस लावून बोट तपासून घेणार ना? तू हसलास. "इंजिनं मी बघतो. फायबरला माझी बहीन हाय की."

माझी छाती फुगली, हे खोटं कशाला बोलू? पण एक वर्ष म्हणजे तुझ्यासाठी कधीच एक वर्ष नसायचं.

आपण तिघं गोव्याला गेलो. वहिनी रात्रभर गाडीत उलट्या करत होती आणि यार्डात पोचल्यावर लांब एका ओंडक्यावर जाऊन नदीकडे बघत बसली. मला वाटलं, घाबरली आहे बिचारी. नवऱ्यापुढे बोलत नाही.

तुझं काम बघत राहावंसं वाटत होतं. मालकांच्या दलालानं इंजिन चालू करायच्या आधी तू त्याला थांबवलंस आणि दोन्ही इंजिनांवर तळहात ठेवून बघितलंस. गरम करून ठेवलेलं इंजिन कुणीही चालू करील, गार इंजिन काय करतं ते बघायचं, असं मला समजावलंस. बोट जमिनीवर होती, म्हणून नळीनं पाणी जोडून दोन्ही चालू केलीस. धूर बघितलास. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांची टोकं भिंगातून एकेक करून तपासलीस. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवलंस. आत जाऊन फळ्या उचलल्यास, तळाशी साचलेल्या पाण्यात करंगळी बुडवलीस आणि ते चक्क चाखलंस. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणालास, "गोड हाय. पावसाचं हाय. खारट असतं तर आपन घरी गेलो असतो." मला तुझं इतकं हसरं तोंड लहानपणापासून आठवत नव्हतं.

माझं काम बोटीच्या अंगाचं. फायबरचे दोन थर असतात आणि मधे हलक्या लाकडाचा गाभा. कुठून पाणी शिरलं तर गाभा कुजतो, पण वरून काही दिसत नाही. ते आवाजावरून ओळखायचं. प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन मी वीतवीत अंतरावर ठोकत गेले. चांगल्या जागी टणटण वाजतं. कुजलेल्या जागी बद्द वाजतं, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखं. दीड दिवस ठोकत होते. पुढच्या कठड्याच्या एका खांबाखाली ताटाएवढी जागा बद्द निघाली. तेवढीच. दोन दिवसांचं काम, मी स्वतः करून दिलं असतं.

दोन्ही होड्यांना जोडणारा जो मधला मजला, त्याच्या पोटाखाली मी उताणी पडून ठोकत होते. बोटीची सगळी ताकद तिथं. डोलकाठीचा भार तिथं. टणटण वाजत होतं, दादा. नवं असावं तसं.

तू वाकून विचारलंस, "काय म्हनती?"

मला ओंडक्यावर बसलेली वहिनी दिसत होती. आईच्या वेळचे ते बारा दिवस आठवत होते. पुढच्या भाऊबीजेचं ताट आठवत होतं. कशामुळे बोलले, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

"इथं बद्द वाजतंय," मी म्हणाले. "डोलकाठीच्या खालीच. गाभा गेलाय."

तू माझ्या शेजारी येऊन उताणा पडलास. माझ्या हातातून हातोडी घेतलीस आणि ठोकलंस. पुन्हा ठोकलंस, कान अगदी फायबरला लावून. मला माहीत होतं तुला काही कळणार नाही. इंजिनांनी तुझे कान कधीच खाल्ले होते. टीव्हीचा आवाज किती मोठा करायचास! तुला टणटण आणि बद्द सारखंच ऐकू येत होतं, आणि म्हणूनच तर तू मला घेऊन आला होतास.

दलाल म्हणाला, "बाई, परत एकदा वाजवून बघा." मी त्याच्यावरच उखडले. तुम्हाला विकायचं आहे, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही, असं म्हटलं. तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस. खडूनं मी जिथं फुली मारली होती तिथं नुसता हात ठेवून थोडा वेळ पडून राहिलास.

परत येताना साताऱ्याजवळ चहाला थांबलो, तेव्हा म्हणालास, "तू हुतीस म्हनून वाचलो." मी बिस्किटाचा पुडा फोडत होते. तो मला फुटेना.

त्यानंतर दोन वर्षं होतास. लिंबं यायची, तू यायचास. जे हवं होतं ते मला मिळालं होतं ना? पण तू खुर्चीत बसायचास आणि कारखान्यातल्या पोरी काही बोलल्या तरी तुला ऐकू जायचं नाही, आणि ऐकू यावं म्हणून तू पुढंही सरकायचा नाहीस. समुद्राचं नाव तू परत काढलं नाहीस. मला रोज वाटायचं, आज सांगू. रविवार संपायचा.

गेल्या महिन्यात वहिनी संगमनेरला आली. बोलता बोलता सहज म्हणाली, "मी पवायला शिकत हुते, वन्सं. तुमाला ठाऊक न्हाई."

मला कळेना. तिनं सांगितलं. गोव्याला जायच्या आधी ती नगरला बहिणीकडे महिनाभर राहिली होती, गुडघ्याच्या औषधासाठी म्हणून. औषध कसलं? रोज सकाळी बायकांच्या तासाला पोहायच्या तलावावर जायची, पंचावन्नाव्या वर्षी! तुला बोटीवर गेल्यावर दाखवायचं होतं. "पाठीवर तरंगता यायला लागलं हुतं," ती म्हणाली. "मग बोट खराब निघाली. सोडून दिलं."

ती नदीकडे बघत बसली होती ती घाबरून नव्हे, दादा. उलट्यांनी गळून गेली होती, आणि तरी पाणी किती खोल असेल याचा अंदाज घेत होती. मी तिला विचारलं का नाही? एका ओंडक्यावर जाऊन शेजारी बसायला कितीसा वेळ लागला असता?

ती गेल्यावर त्या दलालाचा नंबर शोधून फोन केला. बोट पुढच्याच हंगामात कुणीतरी घेतली, तो म्हणाला. लक्षद्वीपला दोनदा जाऊन आली. मजला? मजल्याला कुणी हात लावला नाही बाई, तो चांगलाच होता.

मग मी कर्जतला गेले आणि वहिनीला सांगितलं. फुली, हातोडी, तुझा कान, सगळं. माझ्यासाठी नव्हे, वहिनी, तुझ्यासाठी खोटं बोलले, असं तिला म्हणायची तयारी करून गेले होते, पण तिच्या तोंडाकडे बघून ते वाक्य गिळलं. निघताना तिनं दारापर्यंत सोडलं नाही. फोन उचलत नाही.

आणि तिला सगळं सांगितलं म्हणते, तेही खरं नाही. एक गोष्ट राहिली. ती कुणालाच सांगितलेली नाही.

नगरच्या दवाखान्यात तुझा दुसरा दिवस होता. वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. तू छताकडे बघत होतास. एकदम म्हणालास, "शैले, त्या दिवशी खरंच बद्द वाजलं हुतं का गं?"

तुझ्या आवाजात राग नव्हता. संशयसुद्धा नव्हता. नुसतं विचारलंस, जसं एखाद्याला वाटेत राहून गेलेलं गाव आठवावं तसं. मला वाटतं, तू मला दार उघडून दिलं होतंस.

तुला ऐकू जावं म्हणून मी कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "हो दादा. बद्दच वाजलं होतं." इतक्या मोठ्यानं की नर्सनं वळून बघितलं.

"मग बरं झालं," तू म्हणालास. "न्हाईतर जिवाला लागून राह्यलं असतं." आणि डोळे मिटलेस, ते वहिनी परत आली तरी उघडले नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास.

मी खरं बोलले असते तर तू काय केलं असतंस? शिवी दिली असतीस? हात झटकला असतास? तसं केलं असतंस तर आज मला ते तरी आठवायला असतं. की तुला माहीत होतं, आणि मला हलकं करायला ते म्हणालास? हा प्रश्न आता मी कुणाला विचारू?

दादा, उद्या पहिल्या गाडीनं मी कर्जतला निघते. वहिनीनं दार उघडलं नाही तर ओट्यावर बसेन. उघडलं तर दवाखान्यातलं सांगेन, तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, शब्द न बदलता. माफी मागणार नाही. ती द्यायची की नाही याचं ओझं तिच्यावर कशाला? तुझे शेवटचे शब्द तिचे आहेत, ते मी आठ महिने माझ्याजवळ ठेवले. तेवढे तिला देऊन येईन, हा शब्द देते.

तुझी,
शैला